चुन्यातला मका

मका चुन्यात शिजवायचा, हे ऐकलं मात्र, शकुबाईंनी चुलीपुढचा आपला पाटच मागे ओढला.

"बापा बापा! चुना? अवो रंभे, इचार तिले, भिताडाले माराचा हाय का पोटात घालाचा हाय?"

रंभाला हसू आवरेना. मोठ्या जावेपुढे हसायची सोय नव्हती, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला आणि लेकीकडे पाहिलं. दिव्यानीनं तो प्रश्न ओफेलियाबाईंना त्यांच्या स्पॅनिशमध्ये सांगितला. बाई पोट धरून हसल्या. ठेंगण्या, गोलमटोल, अंगात शकुबाईंचाच जुना स्वेटर. शिकागोच्या बर्फातून आलेली ही बाई चिमूरकडच्या डिसेंबरात काकडत होती आणि वर विचारत होती, चुना कुठं मिळेल.

चुन्याची गोष्ट रंभाला नवी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात ती लेकीकडे शिकागोला राहून आली होती. गावाला वाटलं, आता रंभा उंच उंच इमारतींच्या गोष्टी सांगेल. तिनं सांगितल्या त्या सगळ्या खाण्याच्या. दिव्यानी तिथं एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि राहायला मेक्सिकन लोकांच्या मोहल्ल्यात, ओफेलियाबाईंच्या खानावळीच्या वरच्या खोलीत. त्या मोहल्ल्यात दुकानांच्या पाट्यासुद्धा इंग्रजीत नाहीत. उजाडायच्या आत कोपऱ्याकोपऱ्यावर बाया वाफाळती गंजं, म्हणजे मोठाली पातेली, घेऊन उभ्या राहायच्या. कामाला निघालेले गडी गाड्या थांबवून तामाले घ्यायचे, सोबत मक्याचं दाट गरम पेय. आपली आंबीलच म्हणा, पण चॉकलेट घातलेली. मका चुन्यात शिजवणाऱ्या तोर्तियाच्या कारखान्यापुढे रांग लावायची आणि कागदात गुंडाळलेल्या मक्याच्या पातळ गरम भाकरी उराशी धरून घरी पळायचं. रविवारी चर्च सुटलं की अख्खा मोहल्ला मटणाच्या दुकानात. संध्याकाळी हातगाडीवाला यायचा आणि उकडलेल्या कणसाला साय, किसलेलं चीज, तिखट आणि लिंबू लावून हातात द्यायचा.

"मका त आपल्या वाडीतबी होते," परत आल्यावर रंभा चावडीवरच्या बायांना म्हणाली होती, "पन त्याहिनं मक्याले देवच करून ठेवलं हाय."

आणि तामाले म्हणजे काय, तर मक्याचे पानगे. आपण कणकेचे करतो, पळसाच्या पानात घालून गोवरीवर भाजतो. ते मक्याच्या पिठाचे करतात, पोटात मटण भरतात, कणसाच्याच पानात गुंडाळतात आणि वाफेवर ठेवतात. ओफेलियाबाईंनी कितीतरी हिवाळे असे तामाले कोपऱ्यावर उभं राहून विकले, तेव्हा कुठं ती खानावळ झाली. आता खानावळीची चूल त्यांचा मुलगा रामिरो सांभाळायचा. वरच्या खोलीतली दिव्यानी आणि खालच्या चुलीवरचा रामिरो, मधे एक जिना. पुढचं सांगायला नको.

तर ही मायलेकरं दिव्यानीला मागायला शिकागोहून थेट रंभाच्या दारात आली होती, आणि परवा नागपूरहून त्यांचं विमान होतं. सगळं गोड झालं होतं. एकच गोष्ट अडली होती. नानाजी बोलत नव्हते.

नानाजी म्हणजे शकुबाईंचे मालक, रंभाचे थोरले दीर. दिव्यानी पाळण्यात असताना तिचा बाप गेला, तेव्हापासून नानाजीच तिचे बाप. तिला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे तेच, तिच्या परदेशाच्या वेळी सोयऱ्याधायऱ्यांशी भांडणारे तेच. दिव्यानीनं रामिरोला तिकडेच बजावून ठेवलं होतं: मोठेबाबा हो म्हणतील तर लग्न. ते नाही म्हणाले, तर मी एकटी राहीन, पण त्यांचं मन मोडून मांडवात उभी राहणार नाही.

आणि मोठेबाबा कुणी विषय काढला की म्हणायचे, "पाहू." ओफेलियाबाईंनी आणलेल्या मिठाईच्या डब्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. रामिरोनं लाकडं फोडून दिली, धानाच्या पेंढ्या वाहिल्या; त्याच्याशी ते फक्त थंडीबद्दल बोलायचे. रंभाच्या जिवाला नुसता घोर लागला होता.

अशात ओफेलियाबाई म्हणाल्या, आमच्यात डिसेंबरात नाताळाच्या आधी सगळं गणगोत एका घरात जमतं आणि मिळून तामाले करतं. सून, सासू, नणंद, जिचं जिच्याशी पटत नाही तीसुद्धा, एका टेबलाभोवती. यंदा माझं गणगोत इथं आहे. उद्याचा स्वयंपाक माझा.

म्हणून हा चुना.

"माय, तू काऊन भेऊन राह्यली?" नानाजींचा मुलगा प्रणित दारातूनच ओरडला. गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होता, पाहुण्यांसाठी सुट्टी काढून आलेला. "आमच्याकडं अख्खा डोंगर चुन्याचा हाय. किती टोपले आनू?"

"तू गप रे. पोट्टीले अमेरिकेत धाडलं, अन् सोयरीक कोनाची आनली, त चुना खानाऱ्याची!"

"तू पानाले रोज कोनता लावते, माय? अत्तर?"

शकुबाईंनी पानाचा डबा मागे सरकवला, म्हणजे पटलं असं नव्हे. प्रणितनं पानठेल्यावरून चांगला निवळलेला चुना आणला. संध्याकाळी मका त्यात उकळला, गंज झाकून राहू दिलं, आणि शकुबाई झोपायला जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सकाळी कोनाच्या पोटात दुखलं त मले उठवू नका."

सकाळी मका धुतला तेव्हा दाण्यांची सालं हातात पिवळ्या गिळगिळीत पदरांसारखी निघून आली. ओफेलियाबाईंनी एक दाणा शकुबाईंपुढे धरला. शकुबाईंनी तो दातानं फोडला आणि पुन्हा एक घेतला. रंभा ओळखून होती. जाऊबाईंना चूक सापडली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग निघाला वाटायचा प्रश्न. रामिरोनं मिक्सर पुढे केला. त्याच्या आईनं मान हलवली. तिची नजर गेली होती कोपऱ्यातल्या पाट्यावर. तिनं वरवंट्यावरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटली, आणि दिव्यानी शकुबाईंकडे वळली.

"मोठाई, त्या म्हंतेत, त्याहिच्या आजीकडं असाच दगड होता. शिकागोत कोनाकडंच नाई. तिथं पीठ तयार भेटते, नाईतर चक्कीवरून आनतेत."

ओफेलियाबाई गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही हातांनी वरवंटा ढकलू लागल्या. शकुबाईंना ते पाहवेना.

"अवो, तसा नाई! मनगट सैल ठेवा. सरका तिकडं. अशी."

ओफेलियाबाईंनी स्पॅनिशमध्ये उलट सांगितलं. शकुबाईंनी झाडीबोलीत त्याचं उलट सांगितलं. दिव्यानी मध्ये पडायला गेली, तर दोघींनी तिला हातानं बाजूला सारलं. पाऊण घमेलं पीठ निघेपर्यंत त्यांची अशी काही गट्टी जमली, की रंभा पाण्याचा तांब्या घेऊन आली तर शकुबाईच डाफरल्या, "थोडंसंच टाक! जास्ती पानी नाई पाहिजे म्हंते ते." आता स्पॅनिश नक्की कोण शिकलं, दिव्यानी का शकुबाई, रंभाला कळेना.

तिकडे डुकराची चरबी घालतात. इथं ती नको, म्हणून शकुबाईंनी घरचं लोणी दिलं, आणि ओफेलियाबाईंनी ते पिठात घालून हात दुखेस्तोवर फेटलं. मग त्यातला चिमूटभर गोळा वाटीभर पाण्यात टाकला; तरंगला तर पीठ जमलं. गोळा तळाला गेला. पुन्हा फेटलं. पुन्हा तळाला. तिसऱ्यांदा शकुबाईंनी घमेलं स्वतःकडे ओढलं, पदर खोचला आणि असं काही घोटलं की गोळा टुणकन वर तरंगला. दोघी टाळ्या पिटायला लागल्या. गावरान कोंबडा भिवापुरी मिरचीत रटरटत होताच. कणसांची पानं पुरली नाहीत, तेव्हा रंभा वाडीमागून पळसाची पानं घेऊन आली, आणि सगळ्या गोल बसून बांधायला लागल्या. शेजारच्या बायाही आल्या. ज्या चार दिवस कुंपणापलीकडून गोरी माणसं पाहायची म्हणून डोकावत होत्या आणि ही आपल्यासारखीच सावळी निघाली म्हणून हिरमुसल्या होत्या, त्याच आता पाहुणीच्या मांडीला मांडी लावून पुड्या बांधत होत्या.

"घरोघरी मातीच्या चुली म्हंतेत ते काई खोटं नाई," शकुबाई म्हणाल्या. चुन्याचं त्या साफ विसरल्या होत्या.

वाफ घरभर झाली. नानाजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, ते एकदा पाणी प्यायला आत आले, एकदा चष्मा शोधायला, आणि एकदा कशालाच नाही. नानाजी म्हणजे पंचक्रोशीतला खाणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत वडाभात कोणाच्या हातचा आहे, हे नुसत्या वासावरून सांगायचे. रंभाच्या मनात आशेचं पान हललं. तिनं दिव्यानीला हळूच कोपरखळी मारली.

"जेवले का इचारून टाकीन मी. पोट भरलं का मानूस नाई म्हनत नाई."

"अन् म्हटलं त?" दिव्यानी म्हणाली. चेहरा हसरा होता, पण हातातली पुडी तिनं तीन वेळा सोडून बांधली.

ओसरीवर पंगत बसली. पत्रावळी मांडल्या. ओफेलियाबाईंनी सगळ्यांत मोठा तामाले निवडला, पान अर्धं सोललं, आणि स्वतः वाकून पहिला नानाजींच्या पत्रावळीवर वाढायला आणला. घरातल्या थोरल्याला पहिला, ही त्यांच्याकडची रीत.

नानाजींनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"मी नाई खात."

कुणाला वाटलं, थट्टा करतायत. रामिरोनं दिव्यानीकडून घोकून घेतलेलं मराठी बाहेर काढलं. "मोठेबाबा, जेवा जी."

"तुमी जेवा. पोटभर जेवा." नानाजी उठले, आपली पत्रावळ उचलून बाजूला ठेवली आणि खाटेवर जाऊन पाठ करून बसले.

ओफेलियाबाई वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. भाषा कळायची गरजच नव्हती. दिव्यानीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. प्रणित "बाबा!" म्हणून उठला, शकुबाईंनी कपाळावर हात मारला, आणि रंभा, जिनं या घरात आल्यापासून थोरल्या दिरापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, ती पदर सावरून थेट खाटेपुढे जाऊन उभी राहिली.  

"भाऊजी, नाई म्हनाचं असन त तोंडानं म्हना. पोरीले समजन. आमी रडून घेऊ. पन त्या बाईनं कालपासून हाडं झिजवले हायेत. तिच्या अन्नाले नाई नका म्हनू."

नानाजी वळले. रागावलेले नव्हते. चक्क गोंधळलेले होते.

"नाई कोनं म्हटलं?"

"तुमी! आत्ता!"

"मी खायाले नाई म्हटलं." म्हातारा आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. "अवो, मी कसा खाऊ? लेक ज्या घरी दिली, त्या घरचं अन्न मुलीच्या बापाले चालते का? माही बहीन भद्रावतीले दिली, तिले लेकरू होयेपर्यंत माह्या बापानं तिच्या घरचं पानी नाई पेलं. उन्हातानाचा जाये अन् बाहेरच्या हापशीवर पिये. मी काय त्याच्याहून शाना झालो?"



"दिली?" रंभानं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "भाऊजी, कवा दिली?"

"हे लोक त्या फाटकातून आत आले तवाच. पोट्ट्यानं चपला काढून पयले पोरीची बॅग उचलली, मंग मायची, अन् मंग सोताची. म्हटलं, झालं. म्हनून त त्या मिठाईले हात नाई लावला मी. तुमाले दिसलं नाई?"

"दिसलं!" शकुबाई कडाडल्या. "आमाले वाटलं, तुमाले सोयरीक पसंत नाई! चार दिस झाले, पोट्टीच्या घशाखाली घास उतरून नाई राह्यला, अन् तुमी 'पाहू' म्हंता?"

"तारीख पाहू म्हनत होतो मी," नानाजी म्हणाले. "पोरीले देऊन राह्यलो, दुसरं काय सांगाचं असते त्याच्यात?"

रंभा मटकन खाटेच्या कडेवर बसली, दिरासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मोकळेपणानं रडली. दिव्यानी धावत येऊन म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. नानाजी तिच्या पाठीवर थापटत "अरे, अरे, असं काय" म्हणत राहिले, आणि त्यांचेही डोळे काही कोरडे राहिले नाहीत. प्रणितनं रामिरोला मिठीत घेऊन वर उचललं. रामिरोला अजून काहीच कळलं नव्हतं, तरी तो हसत होता.

दिव्यानीनं नाक पुसत ओफेलियाबाईंना सगळं समजावलं. बाईंनी छातीवर हात ठेवून ऐकलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं, दिव्यानी म्हणाली, लेकरू होईपर्यंत. बाईंनी मुलाकडे पाहिलं, होणाऱ्या सुनेकडे पाहिलं, आणि एक वाक्य असं बोलल्या की दिव्यानी लाल झाली आणि तिनं त्याचं मराठी करायला साफ नकार दिला. प्रणितला न सांगताच कळलं.

रंभाच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. "अवं माय! मी त तिकडं महिनाभर त्याहिच्याच घरचं खाल्लं!"

"तवा कुठी ठरलं होतं?" नानाजी म्हणाले. "आता गेली त डबा घेऊन जा."

"शिकागोले? डबा?"

लोक पोट दुखेपर्यंत हसले. मग पंगत पुन्हा बसली आणि पानं सोलली गेली. मिरचीचा लाल रस मऊ पिठात मुरला होता, मक्याचा गोडवा मागून येत होता. शकुबाई डोळे मिटून खात होत्या. नानाजी खाटेवरून पाहत होते. रंभाला त्यांची दया आली. ज्या माणसाला शेजारच्या गावातला वडाभाताचा वास ओळखता येतो, त्यानं हे नुसतं बघत बसायचं?

"बसा आता वास घेत," शकुबाई म्हणाल्या, पण त्यांनाही वाईट वाटत होतं.

ओफेलियाबाईंनी दिव्यानीला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. घरचं चालत नाही ना? बाजारातलं चालतं? दिव्यानीनं नानाजींना विचारलं.

"बाजारातलं काऊन नाई चालन? बाजार कोनाचं सासर थोडंच असते?"

बाई उठल्या. वाफेचं गंज त्यांनी फडक्यात धरून उचललं. रामिरो मदतीला धावला, त्याला हटवलं. त्या फाटकाबाहेर गेल्या, रस्त्याच्या कडेला पिढा टाकला, गंज पुढ्यात घेतलं, शाल डोक्यावरून घट्ट ओढली, आणि असा काही आवाज दिला की कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"तामाआआलेस! कालिएंतीतोस, तामाआलेस!"

शिकागोच्या त्या कोपऱ्यावर उजाडायच्या आत ही 'गरमागरम तामाले'ची हाक रंभानं ऐकली होती, पांघरुणात पडल्या पडल्या. दुसऱ्या बायांच्या तोंडून. ओफेलियाबाईंच्या तोंडून आजच पहिल्यांदा. गावातली लेकरं धावत आली, सायकलवाला थांबला. नानाजी खाटेवरून उठले, चप्पल घातली, टोपी नीट केली, बंडीच्या खिशात हात घालून पाहिलं, आणि बाजाराला निघाल्यासारखे फाटकाबाहेर पडले.

"कसा दिला?"

दिव्यानीनं भाव सांगितला. नानाजींनी, उगाच लाज राखायला, थोडी घासाघीस केली. मग नोट दिली. ओफेलियाबाईंनी त्या नोटेनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, नोट ओठांना लावली आणि स्वेटरात खोचली.

"बोहनी केली!" नानाजी हरखून म्हणाले. "पाह्य व रंभा, बोहनी केली बाईनं! आपल्या चिमूरच्या बाजारातल्यावानी!"

त्यांनी उभ्याउभ्याच पान सोललं, शिकागोतले कामगार खातात तसं. पहिला घास घेतला. चावणं थांबलं. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं.

"पानगाच हाय," ते शेवटी म्हणाले. "पन आपला पानगा ह्याच्यापुढं उपाशी हाय, बापा."

दुसरा त्यांनी मागून घेतला, पैसे देऊन. तो संपला, तेव्हा बाईंनी गंजातून आणखी एक काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तिकडं नेहमीच्या गिऱ्हाइकाला वरून एक देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.

नानाजींनी तो हळूच परत तिच्या हातात ठेवला.

"दिव्यानी, सांग तिले. इकत घेतला तो गिऱ्हाइकाचा. फुकटचा असन तो इहिनीचा. अन् इहिनीच्या हातचं मले चालत नाई."

दिव्यानीनं ओफेलियाबाईंकडे पाहिलं. रंभानं तिचा हात धरला. तिला आठवत होतं, लेकीनं एकदा फोनवर सांगितलं होतं की इंग्रजीत ह्या नात्याला शब्दच नाही, दोन आयांना एकमेकींचं काही म्हणताच येत नाही. पण ओफेलियाबाईंच्या भाषेत शब्द होता, आपल्या विहीण-व्याह्यासारखाच, एकाच दमात बोलायचा.

"कोन्सुएग्रा," दिव्यानी म्हणाली.

ओफेलियाबाईंचा हात तामालेसकट हवेत थांबला. मग त्यांनी तो गंजात परत टाकला, झाकण नीट बसवलं, शाल सावरून उभ्या राहिल्या आणि चार दिवसांत शिकल्या होत्या तसे दोन्ही हात जोडले.

"कोन्सुएग्रो," त्या नानाजींना म्हणाल्या.

ह्याचं मराठी कुणीच केलं नाही. नानाजींनी टोपी काढून मान लववली, टोपी परत घातली, आणि खिशात हात घातला.

"अजून एक दे," ते म्हणाले. "इकत."